पंखेकाकांचा दरवाजा

अणुवीज केंद्रातल्या वायुवीजनाचे इंजिनिअर म्हणजे आमचे पंखेकाका. निवृत्तीआधी त्यांना नियंत्रण कक्षातल्या नव्या पंख्यांची मंजुरी हवी होती. नियामक मंडळाकडून तपासायला गेले मी, तेव्हाची काडीपैलवान.

बाहेरची दूषित हवा शिरू नये म्हणून ते पंखे खोलीत दाब वाढवत. पण त्या दाबामुळे आत उघडणारा दरवाजा मला आतून ओढवेना.

काकांनी तो एका हाताने उघडला. “जेवत जा गं जरा.”

“आग लागली की आधी जेवून घेऊ का, काका?”

ते पोट धरून हसले. मी मंजुरी अडवली आणि काका तसेच निवृत्त झाले.

बाहेरची हवा शिरणार नाही इतपतच दाब ठेवल्यावर फेरतपासणी झाली, तेव्हा ते मुद्दाम आले. दरवाजा सहज उघडला. मी सही करत असताना काका नव्या इंजिनिअरला हळूच म्हणाले, “हिच्याशी वाद घालू नकोस. मी घालून पाहिलाय.”