मधुराजचं एक नंबर गाणं

अंतरवालीच्या चौकात पुंजारामच्या हाटेलावर रेडिओ लागला, की पाण्याला निघालेल्या बाया हंडे डोक्यावर तसेच ठेवून उभ्या राह्यच्या. त्यात मधुराज लागला तर मंग इचारूच नका. गडी मुंबईचा, पण गळा असा, की ऐकणारीला वाटावं, ह्यो माह्याच घरातलं सांगून राह्यलाय. गाण्यांचे मुखडे कुणाच्या ध्यानात राह्यत न्हव्ते, म्हणून बायांनी आपलीच नावं पाडल्ती. विहिरीचं, तारवाल्याचं, एस्टीचं.

त्या दिवशी सर्जेरावच्या कापसात पाच जणी ओळीनं एकेक पात धरून वेचून राह्यल्या होत्या. वाद पेटला, की मधुराजचं एक नंबर गाणं कोणतं. निकालाची त्यांची रीत होती. एकीनं गाणं म्हणायचं, अन् ज्या गाण्याला समद्यांचे हात बोंडावर थांबतेल, ते वर.

बेबीनंदाला विहिरीचंच वर पाह्यजे होतं. सातवीत मास्तरानं छडी उगारली, तवा ह्या पोरीनं दप्तर त्याच्या पायावर आपटून शाळा सोडल्ती. हरणं तिला सोसतच न्हव्तं. तिनं खणखणीत आवाजात विहिरीचं म्हणलं. तुळजाबाईचा हात थांबला, कौसल्याचा थांबला, झुंबरबाईचा बी. उषाबाई मातर वेचतच राह्यली.

"काय गं उषाबाई, कान फुटले का?"

"ऐकून राह्यले की बाई. हातच थांबंना, त्याला मी काय करू?"

मंग झुंबरबाईनं एस्टीचं धरलं. बाई चाळिशीची, आवाज फुटक्या घमेल्यावाणी. गाण्यात नवरा एस्टीत बसून कामाला जातो, बायको फाट्यावर उभी, धुरळा खाली बसतो तरी ती उभीच. दुसऱ्या कडव्याला चौघींचे हात थांबले. बेबीनंदाचा बी थांबला, अन् तेच तिला झोंबलं.

"हे गणतीत धरायचं न्हाई," ती म्हणली.

"का गं? तुहा बी हात थांबल्ता, म्या पाह्यला," कौसल्या हसली.

"गाण्याला कोण थांबलं? हिची कीव आली म्हणून थांबल्या समद्या." जिभेला लगाम कुठला. "हिचा नवरा दुष्काळात एस्टीत बसून गेला, अन् ही अजून फाट्याकडं बघती. तो परभणीला दुसरीसंग राह्यतो, साऱ्या गावाला ठावं हाय. येतोय कशाला वापस?"

बोलून झालं, अन् मंग तिला कळलं. ही गोष्ट झुंबरबाईपुढं गावात कुणीच काढत न्हव्तं. तसं ठरवलं कुणी न्हव्तं, पण बारकं लेकरू बी तिला म्हणायचं, काका दिवाळीला येतेल. गेल्या दिवाळीला बेबीनंदा बी तसंच म्हणल्ती.

"पोरी, काय केलंस हे," तुळजाबाई पुटपुटली.

झुंबरबाईनं ओटीतला कापूस नीट दाबला. "परभणीला कुठं?"

"ठावं न्हाई. ऐकलेलं."

"कुणाकडून?"

कौसल्यानं मान खाली घातली. बेबीनंदानं तिचं नाव घेतलं न्हाई. तेवढंच तिच्यानं झालं.

"लेकरं हाईत का त्याला?"

तेबी तिला ठावं न्हव्तं. साऱ्या गावाला ठावं म्हणणारीला धड काहीच ठावं न्हव्तं. काळ्या मातीच्या भेगांकडं बघत ती उभी राह्यली.

"जाऊ द्या आता, विहिरीचंच एक नंबर," उषाबाई घाईघाईनं म्हणली. बाकीच्यांनी बी माना हलवल्या. जिंकली पोरगी. तिच्या तोंडाला भिऊन दिलेलं जिंकणं होतं ते.

'मावशे, तुहंच वर हाय,' असं म्हणायचं सोडून बेबीनंदा बोंडावर वाकली.

"म्हण की मंग," झुंबरबाई म्हणली. "एक नंबरचं पुन्हा म्हणावं लागतंय."

बेबीनंदानं विहिरीचं धरलं. कुणी वर बघितलं न्हाई. समोरच्या पातीत झुंबरबाई वेचून राह्यल्ती. रोजच्यावाणी रुपयाएवढं कुंकू लावलेलं, घामानं ते नाकावर ओघळून आल्तं, अन् ती पुसत न्हव्ती. बेबीनंदानं नजर काढली. पुढचं कडवं तिनं म्हणलं, पण तिचं तिलाच ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.