इनुकाईसाहेबांची विश्रांती

लागोपाठ तेरा सामने हरल्यावर आमच्या बेसबॉल क्लबचे अध्यक्ष मिझोगुचीसाहेब यांनी मुख्य प्रशिक्षक इनुकाईंना घालवायचं ठरवलं. अडचण एकच होती. इनुकाईंना वाजतगाजत आणलं होतं ते त्यांनीच. खांद्याचं ऑपरेशन झालेले तीन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, घेतले तेही त्यांनीच, इनुकाई नको नको म्हणत असताना. आता काढलं म्हटलं की मालक कंपनी विचारणार, निवडलं कोणी? मग आमच्या जपानी बेसबॉलमध्ये अशा वेळी करतात तेच ठरलं. प्रशिक्षक आजारी पडतो आणि विश्रांती घेतो.

क्लबमध्ये माणसं ठेवायचं आणि काढायचं काम माझ्याकडे. पत्रकही मलाच लिहायचं होतं.

इनुकाई मला म्हणाले, "ओगुरा, हाकलून दिलं असं लिही. नालायक म्हण. पण आजारी म्हणू नकोस रे."

त्यांचं बरोबर होतं. वय एकसष्ट. हाकललेल्या प्रशिक्षकाला दुसरा क्लब घेतो, आजारी म्हाताऱ्याला कोण घेणार? आणि मैदान सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. बायको गेल्यापासून भातसुद्धा बाहेरून यायचा.

अध्यक्ष म्हणाले, नुसता दाखला तर आणायचाय. आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी इनुकाईंना तपासलं, परत तपासलं, आणि जरा वैतागून सांगितलं की या माणसाला काहीही झालेलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, मशीन बिघडलंय. ते सिद्ध करायला त्यांनी स्वतःच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून घेतला. मशीन दोनशे वीसवर जाऊन थांबलं. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीतून उठूसुद्धा दिलं नाही, तिथूनच चाकाच्या पलंगावर घालून वर नेलं.

मला वाटलं, आता तरी इनुकाई वाचले. पण पत्रक सकाळीच वर्तमानपत्रांकडे गेलं होतं. नाकात नळी असलेल्या अध्यक्षांनी मला जवळ बोलावलं.

"माझं कुठं बोलू नकोस," ते म्हणाले. "एका क्लबात दोन दोन आजारी बरे दिसत नाहीत."

पाचव्या दिवशी ते ऑफिसात हजर झाले. पिचर तेच होते. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आम्ही लागोपाठ सोळावा सामना हरलो.

इनुकाईंना लवकर बरं वाटावं म्हणून चाहत्यांनी रिवाजाप्रमाणे हजार कागदी सारस पाठवले. उत्तरेकडच्या एका क्लबाला ते फलंदाजी शिकवायला हवे होते. त्या क्लबाचा फोन मलाच आला. तब्येत आता कशी आहे त्यांची? मलाही नोकरी होती. मी पत्रकातलं वाक्य वाचून दाखवलं.

शरदात क्लबतर्फे खरबूज घेऊन त्यांना भेटायला गेलो. आजाऱ्याला नेतात तसं, पेटीतलं. इनुकाई अंगणात एकटेच बॅट फिरवत होते. तेवढ्यात शेजारची म्हातारी कुंपणातून आली, त्यांच्या हातातली बॅट काढून घेतली आणि दटावलं, "पेपरात आलंय सगळं. आत जाऊन पडा बघू."

इनुकाईंनी माझ्याकडे बघितलं. "ओगुरा, सांग की हिला."

मी पेटी ओट्यावर ठेवली, कमरेत वाकलो आणि म्हणालो, "काळजी घ्या, साहेब."