छातीच्या उंचीवर

माझी ताई तक्रारखोर आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगतो. गेले तीन महिने तिचं एकच पालुपद चाललं होतं. खाली पार्किंगमधल्या खांबाचं प्लास्टर फुगलंय, घराचं दार घासतंय, येऊन बघ. शेवटी रविवारी सकाळी वैतागून मी यंत्रांची पेटी उचलली. तिला एकदाचं गप्प करायचं होतं.

ही सहा मजली इमारत आठ वर्षांपूर्वी मीच तपासून पास केली होती. काँक्रीट न फोडता त्याची ताकद सांगणं हा माझा धंदा. स्प्रिंगचा हातोडा खांबावर दाबायचा आणि आतला दांडा आदळून किती मागे उसळतो तो आकडा वाचायचा. काँक्रीट कडक असेल तितका आकडा मोठा. माझा दाखला बघूनच ताईने तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. आता त्या घरात भाऊजी आहेत, भाची आहे आणि तिचं दीड महिन्याचं बाळ.

पार्किंगमध्ये मी छातीच्या उंचीवर प्लास्टर काढलं, दगडाने घासलं आणि दहा ठोके दिले. अडतीस, चाळीस, एकोणचाळीस. खांब ठणठणीत आहे, आता तरी माझं डोकं खाऊ नकोस, असं मी तिला बजावलं.

एवढ्याने समाधान होईल तर ती ताई कसली! फुगलंय ते खाली आणि तू मारतोयस वर, म्हणत तिने चपलेने खांबाच्या पायाशी जागा दाखवली. आमच्या धंद्यात सगळे छातीसमोरच मारतात, तिथे हातोडा नीट धरता येतो, मी स्वतः पंचवीस वर्षं हेच शिकवत आलोय, असं सगळं सांगून झालं. ती हटेना. मग तिची जिरवायची म्हणून मी कुरकुरत उकिडवा बसलो आणि तिथलं प्लास्टर उडवलं.

आकडा आला चौदा. हातोडा तिरका लागला असेल म्हणून पुन्हा मारला. बारा. तिसऱ्या वेळी दांडा उसळलाच नाही. तो आत रुतला आणि खडी माझ्या पायावर सांडली.

पेटीतून ध्वनिलहरींचं यंत्र काढलं. खांबाच्या एका बाजूने लहर सोडायची आणि पलीकडे ती किती वेळात पोचते ते मोजायचं. आत पोकळ असेल तर तिला उशीर होतो. छातीशी लहर वेळेवर पोचली. घोट्याशी तिला दुपटीहून जास्त वेळ लागला. मी रांगतच पुढच्या खांबाकडे गेलो, मग त्याच्या पुढच्या. अकरापैकी आठ खांब तसलेच निघाले. बांधताना उंचावरून ओतलेल्या काँक्रीटची खडी तळाशी साचली होती, सिमेंटचं पाणी साच्याच्या फटींतून निघून गेलं होतं, आणि वरून प्लास्टर. आठ वर्षांपूर्वी एकदा वाकलो असतो तर हे दिसलं असतं. आळस म्हणा, माज म्हणा, मी वाकलो नव्हतो.

"ताई, सगळ्यांना खाली आण. आत्ताच्या आत्ता."

मी थट्टा करतोय असं वाटून ती हसली. "तुझाच दाखला लावलाय की जिन्यात."

"मी चुकलो, ताई."

लहानपणापासून तिच्याशी इतका भांडलो, पण हे कधी म्हटलं नव्हतं. त्यामुळेच तिला ते पटलं असावं. ती खांबाकडे न बघता नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग जिन्याकडे धावली. मी तिच्या मागोमाग.

पहिल्या मजल्यावर ती थांबली आणि मला म्हणाली, बाळाला तू आण. मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो. भाचीला उठवलं, बाळ तसंच दुपट्यात गुंडाळलं, भाऊजींना पुढे घातलं. मी उतरताना ताई दुसऱ्या मजल्यावर दारं वाजवत होती. लोक बाहेर येत होते आणि जो तो तेच विचारत होता, इमारत धोक्यात आहे असं म्हणतंय कोण?

मी बाळाला घेऊन तिच्या शेजारून गेलो, तरी तिने वळून पाहिलं नाही.

"ज्याने पास केली होती," प्रत्येक दारात ती सांगत होती, "तोच म्हणतोय."