आगाफियाच्या घरचा केर

आगाफियाने पर्समधून कागदाची पुडी काढली, ती सोडली आणि सूर्यफुलाच्या बियांची मूठभर टरफलं दुकानातल्या गालिच्यावर सरळ ओतून दिली. वर चपलेने जरा रगडलीही, म्हणजे लोकरीत नीट रुतावीत.

"आता काढून दाखव," ती विक्रेतीला म्हणाली.

ओरहेइ शहरातल्या त्या दुकानात या विक्रेतीने, ल्युबाने, बरीच गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण केर घरून बांधून आणणारं हे पहिलंच. आगाफियाच्या मुलीला, स्टेलियानाला, तर तोंड कुठे लपवू असं झालं. ती इटलीहून ईस्टरसाठी दोन आठवडे घरी आली होती आणि आईला यंदा काहीतरी कामाचं घेऊन द्यायचंच, म्हणून आईवडिलांना गावातून इथे घेऊन आली होती. वडील, हरलाम्पी, मात्र खूष दिसत होते. हरलाम्पीच्या बायकोने कुठलीही गोष्ट नुसत्या शब्दावर घेतली नव्हती. त्यालासुद्धा नाही, लग्नाला होकार देण्याआधी त्याच्याकडून अंगणातली सगळी लाकडं फोडून घेतली होती.

त्याचा जीव कोपऱ्यातल्या बुटक्या, चाकांच्या, लांब नळीवाल्या व्हॅक्यूम क्लीनरवर जडला होता. पूर्वी त्यांच्याकडे तसलाच होता. त्याच्या पिशव्या बाजारातून नाहीशा झाल्या तेव्हा आगाफियाने नवऱ्याच्या जुन्या पँटींच्या पिशव्या शिवल्या, आणि त्या झटकताना आत गेलेल्याच्या दुप्पट धूळ तिच्या नाकातोंडात जायची. शेवटी एका थंडीत त्यातून धूर निघाला आणि तो विषय संपला. तेव्हापासून घरात केरसुणी, आणि गालिच्यांना वेताचं झोडपणं.

ल्युबाने पुढे आणलेला हा नवा मात्र उभा होता. कमरेपर्यंत दांडा, खाली फिरता ब्रश, मध्ये काचेसारखा आरपार दिसणारा डबा. ना पिशवी, ना ती बदलायची कटकट. ल्युबाने पायाने खटका दाबून तो मागे कलता केला आणि चालू केला. टरफलं टकटक करत वर चढली आणि डब्यात गरागरा फिरायला लागली.

आगाफिया वाकून बघतच राहिली. मग ल्युबाच्या हातातून दांडा काढून घेऊन ती स्वतःच निघाली. शेगड्यांच्या रांगेतून गेली, धुलाईयंत्रांना वळसा घालून आली, एका म्हाताऱ्याला तिने पाय वर करायला लावले. पाठ ताठ होती. गेल्या वर्षापासून वाकलं की तिच्या कमरेत कळ यायची, आणि आता ती एखाद्या बाईसाहेबासारखी सरळ चालत होती. परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

ल्युबा प्रामाणिक होती. म्हणाली, हा जड आहे, जिन्यावरून वर-खाली करणार असाल तर विचार करा. ब्रशला केस गुंडाळतात, ते कात्रीने कापून काढावे लागतात. गाळणी धुऊन पूर्ण वाळवायची. आणि डब्यावर ही रेघ आहे ना, तिच्यावर केर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर मोटर तापते. आगाफिया मान डोलवत होती, पण तिचे कान अजून त्या टकटकीतच होते.

"हा पलंगाखाली जायचा नाही," हरलाम्पीने शेवटचा प्रयत्न केला.

"पलंगाखाली जायला तू आहेस की."

स्टेलियाना हसली आणि आईला म्हणाली, चला, आता ती केरसुणी एकदाची फेकून दे. तशी आगाफियाची मान गर्रकन नवऱ्याकडे वळली. केरसुणीचं नाव निघालं की ती अशीच वळायची. माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, नाहीतर त्याची परतीची वाट झाडली जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सहा वर्षांपूर्वी स्टेलियाना पहिल्यांदा इटलीला निघाली तेव्हा तिच्या बॅगेचा धक्का लागून जिरेनियमची कुंडी फुटली आणि या शहाण्याने, पोरीने सरहद्दीवरची प्रूट नदीसुद्धा ओलांडली नसेल, तेवढ्यात सगळी माती झाडून उंबऱ्याबाहेर लोटून दिली. एका वर्षासाठी गेलेली मुलगी. तिथे पादोव्यात एका म्हातारीला सांभाळते. दर ईस्टरला येते, आईने विचारलं की म्हणते, बघू, शरदात येईन कायमची. शरद येतो, ती येत नाही. आगाफियाला त्याचं कारण पक्कं माहीत होतं, आणि ते कारण रोज तिच्यासमोर बसून सूप प्यायचं.

घरी पोचल्यावर खोकं फोडायची इतकी घाई झाली की जेवणाचं कुणाला सुचलं नाही. पहिला मान अर्थातच पाहुण्यांच्या खोलीतल्या गालिच्याचा. काळ्या पोतावर मोठाले गुलाब, आगाफियाने लग्नाआधी स्वतः विणलेला. त्या खोलीत ईस्टर आणि लग्नकार्याशिवाय पाऊल पडत नसे, आणि दर हिवाळ्यात ताज्या बर्फावर पालथा घालून तो झोडपला जाई. तेव्हा यातून काय निघणार, फार तर हवा, असं ती आधीच सांगून मोकळी झाली होती.

पहिल्याच गुलाबावर डबा करडा झाला. दुसऱ्या गुलाबाला तळ दिसेनासा झाला. आगाफियाने यंत्र बंद केलं, डब्याला नाक लावून पाहिलं.

"हे रस्त्यावरचं आहे," तिने जाहीर केलं. "खिडकीतून आलेलं."

"हो आई. खिडकीतून येऊन गालिच्याखाली लपून बसलेलं," स्टेलियाना म्हणाली.

मग तिघांचीही नुसती झुंबड. हरलाम्पीला एकदा चालवून बघायचं होतं. मिळालं, तर त्याने गालिच्याच्या झालरीवरच नेलं आणि ब्रशने झालर अशी काही गिळली की आगाफियाने किंकाळी फोडली आणि स्टेलियानाने धावत जाऊन बटण बंद केलं. झालर सोडवताना तिघंही जमिनीवर बसून हसत होती. तेवढ्यात आवाज ऐकून शेजारची तेक्ला आली. तुमच्याकडे ट्रॅक्टर घरात घेतलाय का, असं तिने दारातूनच विचारलं. डबा पाहिला आणि तशीच परत गेली. आली ती खांद्यावर स्वतःचा पट्टा-गालिचा टाकून.

त्या दुपारी गल्लीतले निम्मे गालिचे आगाफियाच्या अंगणात येऊन पडले. प्रत्येक बाईला बाकीच्यांची घरं घाण वाटत होती आणि आता डब्याच्या भिंतीतून पुरावा दिसत होता. तेक्लाचा केर आगाफियाच्या केराहून बोटभर जास्त भरला. आगाफियाने मोठ्या मनाने सांगितलं, अगं, डबाच अरुंद आहे, त्यात काय एवढं. तेक्ला पुढचे दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. हरलाम्पीने तळघरातून वाइनचा घडा आणला, ईस्टरची लाल अंडी फुटली, कुणीतरी चीज घातलेल्या प्लाचिंता तळून आणल्या. स्टेलियाना बायकांना खटका कसा दाबायचा ते शिकवत होती आणि आगाफिया पायरीवर बसून तिच्याकडे बघत होती. एवढी हसणारी मुलगी तिने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

आणि मग निघायचा दिवस आलाच. पादोव्याची मिनीबस हायवेवरच्या विहिरीपाशी थांबते. हरलाम्पी तिथपर्यंत कधी जात नसे. बसचं दार लागताना बघणं त्याला सोसत नाही, म्हणून फाटकातच निरोप घ्यायचा. आगाफियाने त्याला बजावलं: पोरीचा फोन येईपर्यंत घरातल्या केराला हात लावायचा नाही. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिने केरसुणी काखोटीला मारली आणि ती तशीच घेऊन बसपर्यंत गेली. मिनीबसमधली माणसं खिडकीतून बघून हसत होती. एका हाताने मुलीला कवळून, दुसऱ्या हातात केरसुणी घट्ट धरून ती उभी राहिली.

"शरदात?" तिने विचारलं.

"बघू, आई."

परत येताना गल्लीच्या तोंडाशीच तिला तो आवाज ऐकू आला. ती धावली. कमरेची कळ तिला आठवलीही नाही. पाहुण्यांच्या खोलीत हरलाम्पी एकाच गुलाबावरून पुढे-मागे, पुढे-मागे यंत्र फिरवत होता. त्याचा चेहरा ओला होता. तिने भिंतीतून वायर उपटली.

"हरलाम्पी, बस अजून प्रूटला पोचली नसेल."

दांड्यावरचा हात त्याने काढला नाही. म्हणाला, "घर फार गप्प झालं होतं गं."

आगाफियाच्या हातात अजून केरसुणी होती. ती आता याच्या डोक्यात बसणार, असंच कुणालाही वाटलं असतं. हरलाम्पीलाही वाटलं असावं, कारण त्याने घाईघाईने डबा काढून दोन्ही हातांनी पुढे धरला.

"पण बाहेर काहीच गेलं नाही," तो म्हणाला. "केरसुणी उंबऱ्याबाहेर लोटते. हे आत ओढतं. तूच बघ ना. सगळं इथेच आहे."

तिने बघितलं. लाल अंड्याच्या कवचाचे तुकडे होते. ईस्टरच्या पावातला अक्रोड होता. स्टेलियानाच्या ब्लाउजवरची एक चंदेरी टिकली, आणि करड्या धुळीतून गोल गोल फिरलेला एक लांब, तांबूस केस. केर बरोबर रेघेपर्यंत आला होता. आगाफिया हळूच गालिच्यावर बसली. या खोलीत गालिच्यावर बसायची पद्धत नाही, पण ती बसली. मग तिने पदरासारखा लांब ॲप्रन घेऊन डबा बाहेरून पुसला, कडेच्या पेटीवर रचलेल्या हुंड्याच्या उशांशेजारी ठेवला आणि सांगितलं की याला कुणी हात लावायचा नाही.

फोन आला तेव्हा दोघंही एकदमच धावली. स्टेलियानाचा आवाज दमलेला पण ताजा होता. पोचले, म्हणाली, रस्ता चांगला होता, चीज सगळ्या बसने मिळून संपवलं.

"आता काढ केर, आई. मोकळीक आहे तुला."

हरलाम्पीने सुटकेचा श्वास सोडला आणि पेटीवरून डबा उचलला. आगाफियाने त्याचं मनगट धरलं.

"तू तिकडे पोचलीस," ती फोनमध्ये म्हणाली. "घरी कुठे पोचलीस अजून?"

पलीकडे मागून ती म्हातारी इटालियनमध्ये हाक मारत असल्याचा आवाज आला. स्टेलियानाने तिला ओ दिली नाही. काय झालं ते तिने आईलाच विचारलं, आणि आगाफियाने सगळं सांगितलं: बाबांचं, डब्याचं, टिकलीचं.

"किती भरलाय तो?"

"रेघेला लागलाय."

"मग तो तसाच ठेवून चालायचं नाही फार दिवस."

"ल्युबाही तेच म्हणाली होती."

म्हातारीने पुन्हा हाक मारली. स्टेलियाना या वेळी तिकडे काहीतरी बोलली, आणि परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी जवळून आला.

"द्राक्षं काढायच्या आत येते. सामान घेऊन. या आजींच्या मुलाला आजच सांगते, दुसरी बाई बघ म्हणून. तोवर डबा ओतू नकोस."

आगाफियाने फोन ठेवला आणि ती तडक स्वयंपाकघरात गेली. पीठ मळायला घेतलं, मग पीठ तसंच टाकून बाहेर आली, मग पुन्हा आत गेली. हरलाम्पीने तिला इतकी गोंधळलेली कधीच पाहिली नव्हती. त्या दिवशी त्याला दोनदा मीठ पडलेलं सूप प्यावं लागलं आणि त्याने वाडगा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेक्लाने कुंपणावरून डोकावून पाहिलं तर समोर भलतंच. कोरं करकरीत यंत्र खिडकीतून दिसत होतं, आणि बाहेर हरलाम्पी बाह्या सरसावून गुलाबांचा गालिचा दोरीवर घालून वेताने झोडपत होता. गालिचा बाहेर जातो तसा परत घरात येतो, त्याला हरकत नाही, असा आगाफियाचा निकाल झाला होता. खिडकीत ती स्वतः उभी होती आणि इथे मार, तिथे मार, असं बोटाने दाखवत होती.

"बिघडलं का इतक्यात?" तेक्लाने आशेने विचारलं.

"नाही. भरलंय."

"मग ओत की उकिरड्यावर. हात मोडले का तुझे?"

हरलाम्पीने गालिच्यावर असा फटका हाणला की धुळीत तो स्वतःच दिसेनासा झाला.

"स्टेलियाना ओतणार आहे," धुळीतून त्याचा आवाज आला. "सप्टेंबरात."