हुंकाऱ्यावर घडलेला मॅगेलन

१९३६ साली शहाद्याजवळच्या एका गावात शाळेने फर्मान काढलं, की सातवीच्या प्रत्येकाने एका शोधकाचं चरित्र लिहायचं. आणि नेमकी तेव्हाच धनूच्या घरी तिच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. बापाने, छगन पाटलांनी, सांगून टाकलं: शाळा तपासणीच्या दिवशी हिचं चरित्र तपासायला येणाऱ्या साहेबापुढे वाचलं गेलं आणि ऐकण्याजोगं निघालं, तर पोर पुढे धुळ्याला शिकेल. नाहीतर आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, लग्न. छगन पाटील बोलले म्हणजे दगडावरची रेघ.

धनूने मॅगेलन निवडला, पृथ्वीला वळसा घालायला निघालेला दर्यावर्दी. लिहिलं मात्र अगदी शहाण्या मुलीसारखं: जन्म अमुक साली, वडील अमुक, गुण अमुक. मग मोठ्या ऐटीत काकूला वाचून दाखवायला बसली. काकू, म्हणजे नर्मदाबाई, ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत होती. आता आपल्याकडची रीत अशी, की गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा आणि हुंकारा थांबला की सांगणाऱ्याने तोंड मिटायचं. काकूचा हुंकारा मॅगेलनच्या बारशापर्यंतसुद्धा टिकला नाही. मिरची हातात, मान खाली, घोरणं सुरू.

धनूने रागाने तिला हलवलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मिरच्यांचं नव्हतं.

“मले नही, तुन्ही गोष्टले झोप उनी,” काकू म्हणाली.

झोंबलं, पण खरं होतं; झोप आली होती ती गोष्टीलाच. पोरीने कंबर कसली. रोज काकूपुढे वाचायचं आणि हुंकारा अडखळला की ती ओळ खोडायची. वडील गेले, सनावळ्या गेल्या, गुणांची तर पार वाट लागली. उरलं अफाट पाणी, संपलेलं अन्न आणि जहाजावरचं कातडं समुद्रात भिजवून, निखाऱ्यावर भाजून चावणारी माणसं. तिथे काकू देठं खुडायची विसरली.

तपासणीच्या दिवशी करणसिंग गुरुजींनी तिचं लिखाण चाळलं आणि जन्मसाल कुठेच न दिसल्याने कपाळाला हात लावला. पण बाकीच्या पोरांनी एकमेकांचं उतरवलेलं. नाइलाजाने धनूलाच उभं केलं.

तिने दबक्या आवाजात सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात खलाशी उंदीर विकत घेऊन खायला लागले, तसे साहेब सावरून बसले. तिचा आवाज मोकळा झाला. बेट आलं, बेटावर लढाई पेटली, आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं. छान आहे म्हणाले, ब्राह्मणपुरीच्या शाळेत जायचंय, एवढं पुरे. धनू हिरमुसली.

“थांबा साहेब.” दारात उभं राहून ऐकणारे छगन पाटील पुढे आले. भर शाळेत साहेबाला अडवायची छाती गावात आजवर कुणाला झाली नव्हती. “तो मानूस घर पोचना का नही, इतलं तरी सांगू द्या.”

गुरुजींचा चेहरा उतरला. साहेब मात्र हसून परत बसले. धनूने कागद बाजूला ठेवला आणि तोंडानेच सांगितलं. तो त्या बेटावरच पडला, घर काही त्याला दिसलं नाही. पण पाच जहाजांतलं एक पृथ्वीला वळसा घालून आलं, हाडांचा सापळा झालेली मूठभर माणसं घेऊन. पाटलांनी सगळ्यांदेखत उपरण्याने डोळे पुसले.

साहेबांनी त्यांना विचारलं, या मुलीचं पुढे काय ठरवलंय.

“ठरावानं काय? धुळे जाई मन्ही पोर,” पाटील म्हणाले, जणू दुसरं काही घरात कधी बोललंच गेलं नव्हतं.