एकेचाळीसची मारमन

अमावास्येला ट्रकवाले गाडी काढत नाहीत, हे देवाने वाहरूसाठीच नेमून दिलं असावं. विसरवाडीच्या फाट्यावर त्याची ट्रक दुरुस्तीची शेड होती आणि महिनाभर माणूस कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. अमावास्या आली की शेड बंद करायची, पहिली एसटी धरायची, नंदुरबारला गाडी बदलायची आणि दुपारच्या आत ब्राह्मणपुरीला जमादार नवलसिंग गिरासेंच्या पडवीत हजर व्हायचं. कशाला? तर लढाई करायला.

हसू नका. अठ्ठावन्न सालापासून, म्हणजे पाच वर्षं, पन्नाशीकडे निघालेले हे दोघे बाप्ये एका मोठ्या टेबलावर लढाई खेळत होते. टेबलाला चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या आणि आत तापीकाठची चाळून घेतलेली वाळू. त्या वाळूत टेकडी होती, विहीर होती, खंदक होता. पलटणीत असं वाळूवर मांडून शिकवतात. फरक एवढाच की तिकडे पुढची लढाई मांडतात, आणि जमादार मागची मांडायचे. तीच एक, दर अमावास्येला. लिबियाच्या वाळवंटात, एकेचाळीसच्या एप्रिलमध्ये, एका जुन्या विहिरीजवळच्या, जमादारांच्या हुकमतीखालच्या चौकीवर झालेली.

शिपाई म्हणजे चिंचोके. जखमी म्हणजे गुंजा, मोजून अकरा. गोळा लागला की नाही ते सात कवड्या टाकून ठरवायचं. चार उताण्या पडल्या तर गाडी जळाली. जमादार आपली बाजू खेळायचे आणि वाहरू जर्मनांची. आणि गाड्या? गाड्या मात्र चिंचोके नव्हते हो. गाड्या खऱ्याखुऱ्या, वीतभर, वाहरूच्या हातच्या. अंग सागाचं, पत्रा रॉकेलच्या डब्याचा, तोफेची नळी सायकलच्या स्पोकची.

त्यात जमादारांचा हट्ट असा की ब्रह्मदेव आला तरी हात टेकेल. सुरतेच्या जावयाने एकदा हौसेने दुकानातला रणगाडा आणून टेबलावर ठेवला. छान चकचकीत, चावी दिली की चालणारा. जमादारांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि चिमटीत धरून अंगणात भिरकावला.

"हाऊ बेचाळीसना शेवटले ऊना! एकेचाळीसले आमना डोयाले बी दिसना नही. मन्हा टेबलवर खोटी गाडी नको."

जावई बिचारा चार दिवसांचा मुक्काम दोन दिवसांत आटोपून गेला. वाहरूलाही सूट नव्हती. त्याने जर्मन रणगाड्याची नळी बोटभर लांब केली, तर जमादारांनी ती पकडीने कापली, कारण लांब नळी पुढच्या साली आली. जर्मनांच्या चिलखती गाडीला आठ चाकं म्हणजे आठच. आणि आपल्याकडे? तीन लॉऱ्या. कापडाच्या छताच्या, लाकडी फळ्यांच्या, बंदुकीची गोळी इकडून शिरली तर तिकडून निघावी अशा. "जे व्हतं तेच ठेव," जमादार म्हणायचे. "नव्हतं ते ठेवू नको."

एवढी काटेकोरी कशासाठी, ते गावाला ठाऊक नव्हतं. वाहरूला होतं. त्या अकरा गुंजांमधली एक होती दिलवरसिंग, जमादारांचा धाकटा सख्खा भाऊ. मांडीत गोळी लागून खंदकात पडला होता. खंदक विहिरीच्या पलीकडे, शत्रूच्या अंगाला. सकाळी मागे हटायचा हुकूम आला, तेव्हा टेकडीवर जर्मनांच्या आठचाकी येऊन उभ्या राहिल्या होत्या. सहाशे पावलं उघड्यावरून लॉरी न्यायची, अकरा माणसं उचलून भरायची आणि परत यायचं. कापडाच्या लॉरीत! जमादारांनी धडधाकट तेवढे गाड्यांत घातले आणि निघाले. खंदकावर मग तासभर तोफा चालल्या. अकरांतला एकही परत आला नाही.

दिलवरसिंगची बायको मंगलाबाई याच घरात होती. लग्नाला पाच महिने झाले होते तेव्हा, आणि आता केस पिकले. दुपारी ती चहाचे दोन कप दाराच्या उंबऱ्यावर आणून ठेवायची, वाहरूचा कानतुटका कप वेगळा, आणि दाराआड उभी राहायची. खेळ संपेपर्यंत तिचं लुगडं दाराच्या फटीतून दिसत राहायचं. कारण खेळ तिच्यासाठीच तर होता! जमादार लॉरी खंदकाकडे सरकवायचे, वाहरू कवड्या टाकायचा, लॉरी जळायची. दुसरी सरकवायचे, तीही जळायची. टेकडीला वळसा घालून बघितला, धुरळ्याच्या आडून बघितलं. साठ अमावास्या झाल्या असतील. शेवटी जमादार दाराकडे न बघता मोठ्याने म्हणायचे, "नहीच निंघता येत व्हतं." मग लुगडं फटीतून नाहीसं व्हायचं, आणि त्या घरात आणखी महिनाभर अन्न शिजायचं, माणसं जेवायची.

आणि वाहरू? खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं होतं त्याचं.

कारण चौकीवर तीन लॉऱ्यांशिवाय आणखी एक गाडी होती. मारमन. चार चाकांची चिलखती गाडी, फोर्डचं इंजिन, वर लहानसा बुरूज. ती दोन दिवस बंद पडलेली होती आणि तिचा ड्रायव्हर होता वाहरू. टेबलावर तिच्या जागी पाच वर्षं एक जळकी काड्यापेटी ठेवलेली असायची. बंद गाडी, तिचं कशाला मॉडेल करायचं?

पण ती बंद नव्हती. आदल्या संध्याकाळी वाहरूने तिचा दोष शोधला, तार बदलली, आणि इंजिन धडाडलं. त्याने घाईने बंद केलं. रीतीप्रमाणे रोटर काढून खिशात घातला. अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो तो. तो नसला की ठिणगी पडत नाही आणि गाडी मेल्यासारखी. सकाळी टेकडीवर त्या आठचाकी दिसल्या आणि पुढचं सगळं वाहरूला कळून चुकलं. मारमन चालू आहे म्हटलं की तिला खंदक आणि टेकडी यांच्या मधे नेऊन उभी करणार, लॉरी तिच्या आडून जखमी भरणार, आणि सगळ्यांत शेवटी निघणार ती मारमन. म्हणजे वाहरू. बावीस वर्षांचं वय, घरी बायको रूपलीबाई आणि न पाहिलेली पोर. जमादारांनी विचारलं, "चालस का?" वाहरू म्हणाला, "नही साहेब." रोटर खिशात होता, हात त्या रोटरवर होता. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यानेच मग पेट्रोल ओतून तिला आग लावली. पुरावासुद्धा उरला नाही.

गेल्या अमावास्येला जमादारांचे पाय सुजलेले होते. नंदुरबारच्या डॉक्टरने काळीज वाढलंय म्हणून सांगितलं होतं. ते काड्यापेटी बोटाने ढकलत म्हणाले, "वाहरू, आते हाई गाडी बनाव. तेवढीच खोटी ऱ्हायनी टेबलवर. बोनेट उघडं ठेव. बिघडेल व्हती ना ती."

महिनाभर वाहरूचं कामात लक्ष नव्हतं. एका ट्रकचं चाक त्याने नट न आवळता सोडलं. ड्रायव्हरने बघितलं म्हणून बरं, नाहीतर चरणमाळच्या घाटात प्रसाद मिळाला असता. रूपलीबाई म्हणाली, भगताकडे जाऊन ये, काहीतरी लागलंय तुला. लागलंय खरं, पण ते कोणत्या भगताला निघणार होतं?

त्याने दोन मारमन केल्या. एक सांगितल्याप्रमाणे, बोनेट उघडं, चाकं खिळ्याने पक्की ठोकलेली. दुसरीचं बोनेट मिटलेलं आणि चाकं आसावर फिरणारी. का केल्या म्हणाल, तर त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पहिली करून झाली आणि हात थांबेनात. दोन्ही पिशवीत घालून तो एसटीत बसला. शहाद्यापर्यंत त्याने मनाशी पक्कं केलं की उघड्या बोनेटचीच द्यायची. माणूस मरायला टेकलाय, पाच वर्षं खेळून खेळून त्याने जिवाला थोडी शांतता मिळवलीय, ती आपण काढून घ्यायची? आणि ती बाई? सरळ आहे. उघडी द्यायची, चहा प्यायचा, परत यायचं. कुणाचं काही बिघडत नाही.

पडवीत जमादार उशीला टेकून बसले होते. ओठ निळसर झालेले. वाळू त्यांनी स्वतः सारखी केली होती, आणि काड्यापेटी उचलून जागा मोकळी ठेवली होती. "आनी का?" त्यांनी विचारलं. लहान मुलासारखा हात पुढे केला हो त्यांनी.

वाहरूने पिशवीत हात घातला. उघडं बोनेट बोटांना लागलं. त्याने ते धरलंही. आणि मग काय झालं कोण जाणे, बोटं सुटली, दुसरी गाडी हातात आली आणि त्याने ती मोकळ्या जागेवर ठेवली.

जमादार वाकून बघत राहिले. बुरूज बरोबर होता, चाकांची जाडी बरोबर होती.

"बोनेट मिटेल शे," ते म्हणाले.

वाहरूने बोट टेकवलं आणि मारमन ढकलली. ती विहिरीला वळसा घालून, वाळूत चार चाकांच्या दोन रेघा उठवत, खंदक आणि टेकडी यांच्या मधे जाऊन थांबली.

"हाई चालत व्हती, साहेब. रोटर मन्हा खिसाम्हा व्हता. मी घाबरनू. मी खोटं बोलनू."

सांगून झालं. आता जमादार उठतील, गळा धरतील, निदान थुंकतील तरी, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. बावीस वर्षं त्याने या घटकेची वाट पाहिली होती आणि ती येऊ नये म्हणून नवसही केले होते. पण काहीच झालं नाही. जमादारांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती आणि ते त्या रेघांकडे बघत होते.

"माले माहीत शे," ते हळू आवाजात म्हणाले.

वाहरूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"सांजले इंजिन लागनं ते मी आयकं व्हतं. फोर्डना आवाज काय लपस?"

"मंग सकायले माले इचारं कसाले?"

जमादारांना बोलायला दम पुरेना. "तू नही म्हनशी, म्हनीसनच इचारं," ते म्हणाले. "तुन्हा तोंडवर दिसी ऱ्हायनं व्हतं. तू हो म्हनता, तर माले हुकूम देना पडता. मारमनसंगे माले बी जानं पडतं. माले बी जगनं व्हतं रे."

अरे देवा! म्हणजे पाच वर्षं तो माणूस नळीच्या बोटभर लांबीसाठी भांडत होता, आठ चाकं मोजून घेत होता, जावयाचं खेळणं फेकून देत होता, आणि टेबलाच्या मधोमध जळकी काड्यापेटी ठेवून एवढा एकच खोटेपणा जिवापाड सांभाळत होता. आणि वाहरू समोर बसून कवड्या टाकत होता. दोघेही चोर आणि दोघेही एकमेकांचे पहारेकरी. वाहरूला रागही येईना. इतकी वर्षं वाटायचं, हा भार आपण एकट्याने उचललाय, सांगितला की उतरेल. कसला उतरतोय! आता तर माफ करायलाही दुसरा कुणी उरला नाही.

दार करकरलं. मंगलाबाई उंबऱ्याच्या आत आली होती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, हात मात्र उघडे, हाडकुळे, बांगड्या नसलेले. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडायची त्यांच्यात रीत नाही. या घरात वाहरूने तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. आता ती टेबलापाशी आली, पार कडेला, आणि गुंजांवर वाकली. तिला आधी टेबल असं जवळून दिसलंच नव्हतं.

"ह्यांम्हाईन त्या कोनता?" तिने विचारलं.

जमादारांनी डोळे मिटून घेतले. वाहरूने खंदकाच्या या टोकाची, दिलवरसिंगची गुंज दाखवली. तिने ती उचलली नाही, नुसती पाहिली.

"वाहरूभाऊ," ती म्हणाली. आवाज जाड होता, न वापरल्यासारखा. "तुम्ही निंघनात, तवय त्या जागा व्हतात का?"

नवरा तेव्हा शुद्धीवर होता का, एवढंच विचारायचं होतं तिला. गाडी चालत होती की नव्हती, कोण भ्यालं, कोणी कुणाला फसवलं, ते सगळं तिने आत्ता ऐकलं होतं आणि बाजूला सारलं होतं. वाहरूने जमादारांकडे बघितलं. त्यांनी डोळे उघडले होते आणि मान अगदी थोडी हलवली होती, नको म्हणून. त्या डोळ्यांत जी याचना होती ती वाहरूने लिबियातही पाहिली नव्हती. खोटं सांगणं सोपं होतं. बेशुद्ध होते, वहिनी, त्यांना काही कळलं नाही. बावीस वर्षं जीभ खोट्याला सरावलेली होती.

"जागा व्हतात, वहिनी," वाहरू म्हणाला. "कोपरावर उठीसन आमनाकडे देखी ऱ्हायना व्हतात. हात करा त्यास्नी. त्यास्ले वाटनं, गाड्या त्यास्ले लेवाले वळी ऱ्हायन्यात."

मंगलाबाईने मान डोलावली. मग तिने जेठाकडे तोंड वळवलं, पदर वर केला आणि त्यांच्याकडे सरळ बघत उभी राहिली, आणि जमादारांना कुठे बघावं ते कळेना.