टाचेचा कान

आधी टाच पडायची, मग पाऊल. पेणच्या पश्चिमेला खाडीलगत गेलेल्या मातीच्या बांधावर हिरूदादांच्या अनवाणी चालण्याचा तो मंद, भरीव आवाज आधी कानी येई, आणि हेमंतातल्या धुक्यात माणूस दिसण्यापूर्वीच त्याची चाल ओळखू येई. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर कोवळे ऊन हलके पसरत असे. एका अंगाला खाडीचे संथ, करडे पाणी, दुसऱ्या अंगाला कापणी झालेल्या भातखाचरांचा धूसर पिवळेपणा, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने आपली काळी, जुनी सायकल हाताशी धरून ते सावकाश येत. सायकलीवर बसलेले मात्र मी त्यांना बांधावर कधी पाहिले नाही.

मी तिथे जात होते ती रक्तातली साखर उतरवायला. रोह्याला बँकेत नोकरी होती तेव्हा नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून कुंडलिकेच्या काठाने रोज चालले, पण ते चालणे घड्याळासाठी होते. नदी कुठल्या ऋतूत कोणता रंग घेते, हे आता कुणी विचारले तर मला धड सांगता येणार नाही. निवृत्तीनंतर पेणला घर घेतले, लेकीने गिअरची सायकल हाती दिली, आणि रविवारी हेल्मेट घालून येणाऱ्या उत्साही मंडळींच्या मागोमाग मीही बांधावर धापा टाकू लागले. पहिल्याच दिवशी हिरूदादांनी मला अडवले. "उतर गो बाय. तुमी वजन उतरवाया येता, आन् भार माझ्या बांधाला." एवढे बोलून वर हसले. मी उतरले ती उतरलेच. त्यानंतर आम्ही दोघे आपापल्या सायकली गुरांसारख्या शेजारून चालवत रोज बरोबर फिरू लागलो.

त्यांचे फिरणे म्हणजे राखण होती. खेकडे बांधाच्या पोटात बिळे पाडतात, वरून काही दिसत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचे पाणी त्या बिळात घुसते आणि बांध फोडून खाचरात उतरते. खारे पाणी एकदा शेतात शिरले की पुढची तीन-चार वर्षे तिथे भात होत नाही. पूर्वी गावातले एकेक घर पाळीपाळीने बांध चालून पाहत असे. आता माणसे रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जातात, आणि सगळ्या घरांची पाळी एकट्या हिरूदादांकडे येऊन राहिली होती. टाच आपटीत जायचे: भरीव माती धप्प म्हणते, पोकळ माती डब्ब. या दोन आवाजांतला फरक मला वर्षभर कळला नाही, आणि त्यावरून त्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली.

एकदा ते चार दिवस तापाने घरी होते. मला एक बीळ दिसले. मी मोठ्या हुशारीने त्यात एक गोटा ठोकून बसवला आणि ते परतल्यावर कौतुकाच्या अपेक्षेने दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. वाकून, नखांत चिखल भरेपर्यंत त्यांनी तो गोटा उकरून काढला. "दगडाच्या अंगानं पानी वाट काढतं गो. मातीला मातीच पायजे." मग खाडीचा चिखल आणि भाताचा पेंढा घेऊन, जोहे गावात गणपतीच्या मूर्तीची माती मळतात तसा, एकही गुठळी राहू न देता त्यांनी तो मळला आणि माझ्याच हातांनी बिळात भरून घेतला. मला आधी राग आला, मग लाज वाटली. पेंढ्याचा तो ओलसर वास दिवसभर बोटांना येत होता.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. धाटावला कंपनीत असलेला मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. निघताना ना घराचा विषय, ना सामानाचा, त्यांनी फावडे माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "आता तू चाल." मी खोखो हसले. ते हसले नाहीत. मग आम्हीच एक तोडगा काढला: मला शंका आली की मी मोबाईल जमिनीला टेकवायचा, शेजारी टाच आपटायची, आणि तिकडून ते निवाडा द्यायचे. "भर," नाही तर "सोड." रविवारची मंडळी माझ्याकडे पाहत, हिचे डोके ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने. पाहीनात का!

यंदा भाद्रपदाच्या अमावास्येला भात नुकते निसवले होते, लोंब्या बाहेर डोकावत होत्या. त्या सकाळी बांधाच्या वळणावर टाचेखाली काहीतरी वेगळे वाजले. दुपारी उधाण येणार होते. मी फोन लावला, मोबाईल मातीला टेकवला, टाच मारली.

"परत मार."

परत मारली.

"अजून एकदा." मी आणखी जोराने मारली. "तुझं बोलनं येतं गो," ते हळूच म्हणाले, "बांध नाय येत."

इतकी वर्षे पायाखालची माती ऐकणारा माणूस, आणि आता त्याच्या कानांतून बांध निघून गेला होता.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारले.

हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. मी डोळे मिटून पुन्हा टाच मारली.

"डब्ब."

"मंग डब्बच हाय. भर."

उकरले तर कोपरापर्यंत हात आत गेला. मी चिखल मळला, पेंढा घातला, भरले, पुन्हा टाच मारून पाहिली, आणि पाणी चढेपर्यंत तिथेच बसून राहिले. दुपारी उधाण बांधाच्या माथ्याला वीतभर उरेपर्यंत आले, थबकले, आणि सावकाश मागे सरले. पाठीमागे खाचरातले भात वाऱ्यावर डुलत होते.

आता पुन्हा हेमंत आला आहे, धुके आहे, आणि वाटेवर एकच चाल वाजते. माणूस वाटेवरून उठून जातो, त्याचे ऐकणे मात्र कुणाच्या तरी टाचेत उतरून राहते, हे मला आता पटले आहे. तरीही रोज वळणाशी पोचले की मी क्षणभर पाऊल थांबवते, पलीकडून ती दुसरी टाच येते आहे का ते ऐकायला.